ठेवणीतले दात

चांगली वस्तू रोज वापरायची नसते, हा आमच्या घरचा कायदा आहे. टीव्हीचा रिमोट आम्ही अजून प्लास्टिकच्या पिशवीतून दाबतो. सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल आणि टॉवेलावर आम्ही. लग्नात आलेला काचेचा डिनर सेट आज आम्हा नवराबायकोपेक्षा ठणठणीत आहे, कारण त्याला कोणी हात लावलेला नाही. तेव्हा डॉक्टर तुबांनी माझ्या समोरच्या वरच्या दोन दातांच्या जागी कवळी बसवून दिली, ती मी रोज घालून चिवडा चावत बसेन असं कोणाला वाटलं असेल, तर त्याने गोवर्धन गावंडेला ओळखलंच नाही.

ते दोन दात गेले कसे, हे विचारू नका. त्यात मक्याचं भाजलेलं कणीस आहे आणि माझा स्वतःच्या दातांवरचा विश्वास आहे, एवढंच सांगतो. कवळी मात्र झकास झाली होती. गुलाबी टाळू, दोन शुभ्र दात आणि शेजारच्या दातांना धरून राहायला दोन बारीक तारा. ती घालून मी आमच्या प्रतीक्षाच्या साखरपुड्याला अमरावतीहून अकोल्याला गेलो, प्रत्येक फोटोत तोंड भरून हसलो, व्याही किसनरावांशी सोयाबीनच्या पिकावर भरपूर बोललो आणि घरी आल्यावर कवळी धुऊन, पुसून, स्टीलच्या डबीत घालून कपाटात नव्या कुर्त्यावर ठेवून दिली. आता निघेल ती थेट लग्नाला. डॉक्टर तुबा म्हणाल्या होत्या, "काका, रोज घालत जा बरं, फक्त झोपताना काढा." पण डॉक्टर लोक असं म्हणतातच. ते रोज पहाटे फिरायला जायलाही सांगतात.

त्याच साखरपुड्यात प्रतीक्षाने मला अडकवून ठेवलं. होणारा जावई रोहित, त्याच्याकडचं कोणीतरी म्हणालं, मंगलाष्टकं म्हणायला आपल्या ओळखीची गाणारी बाई आहे, अकोल्यातल्या सगळ्या लग्नांत तीच असते. यावर आमची पोरगी भर बैठकीत म्हणाली, "नाई. माह्या लग्नात बाबाच म्हणतीन. आन् सोता लिहून म्हणतीन."

माझी छाती फुगली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. गोतावळ्यातल्या प्रत्येक लग्नात मी मंगलाष्टकं म्हटली आहेत. दर्यापूरच्या एका लग्नात तर वीज गेली, माइक बंद पडला, तरी माझा आवाज मागच्या पंगतीपर्यंत पोचला होता. पण आपल्या लेकीचं म्हणायचं म्हणजे ती गोष्टच वेगळी. एसटीने मूर्तिजापूर सोडलं तेव्हा पहिली ओळ सुचली आणि बडनेरा येईपर्यंत ती माझ्या तोंडात पक्की बसली. त्या दिवसापासून मला जगात एकच काळजी होती. प्रतीक्षाच्या डोक्यावर अक्षता पडताना माझं मंगलाष्टक स्वच्छ, खणखणीत आणि दातांसकट झालं पाहिजे. दातांसकट यासाठी की व्याह्यांनी मला दातांसकटच पाहिलेलं होतं.

मे महिना उजाडला. पत्रिका वाटून झाल्या, बस्ता झाला, घरात पाहुण्यांच्या गाद्या येऊन पडल्या. मी म्हटलं, चला, आता दात घालून एकदा तालीम करू. डबी काढली, कवळी तोंडात सारली, तर ती जाईना. डावीकडून सारली, उजवीकडून सारली, आरशासमोर सारली, देवाचं नाव घेऊन सारली. शेवटी जोर केला तर तार हिरडीत घुसली आणि मी असा ओरडलो की स्वयंपाकघरातून मंजुषा, म्हणजे प्रतीक्षाची आई, पोळपाटासकट धावत आली.

"काय झालं बाप्पा?"

"कवळी कोणं बदलली?"

आता मला थोडं माझ्या नोकरीबद्दल सांगू द्या, म्हणजे माझी बाजू समजेल. मी मोजणी खात्यात भूमापक आहे. लोकांच्या शेताच्या हद्दी मोजून देणं हे माझं काम. रोज कोणीतरी बांधावर हात जोडून सांगतो, "साहेब, धुरा आपोआपच तिकडं सरकला." मी रोज त्याला सांगतो, "बाबा रे, धुरा आपोआप सरकत नाही. सरकवणारा असतो." आयुष्य या एका वाक्यावर काढलेल्या माणसाच्या तोंडात कालपर्यंत बसणारी वस्तू आज बसत नसेल, तर तो सरकवणारा शोधणारच.

"तू गरम पाण्यानं धुतली असन," मी मंजुषाला म्हणालो.

"मी? त्या डबीले मी हात लावला तं हात झडो माहा. मले तुमच्या खऱ्या दाताची कधी किळस नाई आली, पण ते डबीतले दात पाहून अंगावर काटा येते."

"मंग बसत काहून नाई?"

"मले काय विचारता? तोंड तुमचं हाय."

एवढं बोलून ती गेली. मी कवळी घेऊन शेजारी गेलो. शेजारी म्हणजे खुशालराव, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांचा असा समज आहे की जगातली कोणतीही वस्तू गरम केली, ठोकली किंवा घासली की बसते. त्यांनी कवळी उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि निदान केलं, "उन्हानं फुगली. अमरावतीचं ऊन हाय हे, लोखंडाचा रूळ वाकते, हे तं प्लास्टिक. घासा लागन."

मी म्हटलं, कपाटात ऊन कुठून येणार? ते म्हणाले, "गावंडे, तुमी मोजणीवाले. इंजिनाचं तुमाले समजणार नाई." आणि त्यांनी कुर्बानभाईंना हाक मारली.

कुर्बानभाईंचं आमच्या कोपऱ्यावर फर्निचरचं दुकान आहे. अतिशय सज्जन माणूस. माझी कवळी तळहातावर घेऊन त्यांनी ती पुसली, फुंकली आणि म्हणाले, "गावंडेसाब, फिकर नका करू. दाराची चौकट फुगली की आमी काय करतो? जरासा रंधा. मंग पालिश पेपर. लगीन तुमच्या घरचं नाई, आमच्या घरचं हाय."

रंधा नको, असं मी निक्षून सांगितलं. पालिश पेपरवर तडजोड झाली. दुकानासमोर खुर्च्या मांडल्या गेल्या, गल्लीतली चार माणसं उगाचच येऊन उभी राहिली, आणि भर बाजारात माझे दात घासले गेले. ज्या माणसाने स्वतःच्या बनियनला पडलेलं भोक बायकोलाही दिसू दिलं नाही, त्याचे दात हातोहात फिरत होते. एकजण म्हणाला, मस्त कलर हाय. दुसरा म्हणाला, ओरिजनल वाटते. मी दोन्ही वेळा "हो" म्हटलं. आणखी काय म्हणणार?

घासून कवळी तोंडात गेली खरी, पण आता ती डुगडुगू लागली. बाजूंनी दाटी आणि वरून पोकळ, असा चमत्कार. जिथे आधी तिची टाळू हिरडीला घट्ट चिकटत होती तिथे आता मधे चक्क जागा होती. "बोला," खुशालराव म्हणाले. मी बोललो आणि कवळी जिभेवर येऊन बसली. ते म्हणाले, "चिकटवा लागन."

आणि इथे माझ्या हातून जे झालं ते वऱ्हाडातल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं. घरात रुखवताचे डिंकाचे लाडू वळणं चालू होतं. परातीत तो सोन्यासारखा डिंक पडला होता. मी विचार केला, खायचीच वस्तू, पोटात गेली तर ताकदच येईल. चिमूटभर डिंक भिजवला, कवळीच्या पाठीला लावला, दाबून धरला आणि वाट पाहिली. धरला की हो! असा धरला की मी खूश होऊन प्रतीक्षाला हाक मारायला गेलो, तर तोंड उघडेना. वरचं खालच्याला, खालचं जिभेला आणि जीभ कवळीला, असं सगळं एकमेकांना धरून बसलं.

नेमका त्याच वेळी अकोल्याहून व्याह्यांचा व्हिडिओ कॉल आला. मंजुषाने फोन माझ्या तोंडासमोर आणून धरला. किसनराव मोठे मोकळे गृहस्थ. ते म्हणाले, "काय व्याही, वरातीले डीजे सांगतला तं चालते ना?"

डीजेच्या विरोधात मी गल्लीत सह्यांची मोहीम चालवलेला माणूस आहे. मी जोरात मान हलवून नाही म्हणायला गेलो, पण मान हलवली की कवळी हिरडीत टोचायची. तोंडातून फक्त "हं" निघालं.

"आन् पंगत ठेवाची का बुफे?"

"हं."

"म्हंजे दोन्ही? वा! मन मोठं हाय तुमचं. आन् घोड्यासंग बग्गीपण सांगू ना?"

"हं! हं!" हे मी विरोध म्हणून म्हटलं होतं.

फोन ठेवल्यावर मंजुषाने माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही. गरम पाण्याच्या गुळण्या करकरून तोंड सुटलं. तोवर अकोल्यात बग्गीवाल्याला होकार गेला होता.

आता मात्र मी चिडलो. डॉक्टरांनी दुसऱ्याच कोणाची तरी कवळी माझ्या गळ्यात मारली, अशी माझी खात्री झाली. कवळी, डबी आणि राग घेऊन मी दवाखान्यात गेलो, तर दाराला कुलूप. बाजूच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, डॉक्टर मॅडम धारणीला दंततपासणी शिबिराला गेल्या. लग्न तोंडावर आलेलं. मी म्हटलं, धारणी तर धारणी.

उन्हाळ्यात भर दुपारी परतवाड्याहून धारणीच्या एसटीत बसलेल्या माणसाला दातांची काळजी करायला सवड नसते, त्याला बाकीच्या हाडांची असते. घाटातल्या प्रत्येक वळणावर मी डबी छातीशी धरत होतो. शेजारच्या बाईने विचारलं, "देवाचं काही हाय काय त्यात?" मी हो म्हटलं. तिने डबीला नमस्कार केला.

शिबिर समाजमंदिरात होतं. ओट्यावर बायामाणसं, म्हातारे, लेकुरवाळ्या असा हा मेळा बसलेला आणि समोर डॉक्टर तुबा, हातात भला मोठा प्लास्टरचा जबडा घेऊन, दात समजावून सांगत होत्या. मी रांग तोडून पुढे गेलो आणि जाहीरपणे म्हणालो, "मॅडम, ही कवळी माझी नाही."

त्यांनी कवळी पाहिली, मला खुर्चीत बसवलं, तोंडात बॅटरी मारली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! काका, तुम्ही फारच वेळेवर आलात. तोंड उघडं ठेवा हं." मग त्या लोकांकडे वळल्या. "हे बघा, प्लास्टरच्या जबड्यात जे दिसत नव्हतं, ते या काकांच्या तोंडात छान दिसतंय. या, जवळ येऊन बघा."

आणि धारणी तालुका माझ्या तोंडात डोकावून गेला. मी सरकारी माणूस. या तालुक्यात जीपमधून उतरलो की लोक खुर्ची आणून देतात. आज खुर्ची मिळाली होती, पण अशी.

"आपल्याला वाटतं, दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले आहेत," डॉक्टर सांगत होत्या. "तसं नसतं. प्रत्येक दात बारीक बारीक धाग्यांनी हाडाला बांधलेला असतो, आणि तो जन्मभर थोडा थोडा हलत राहतो. मधला दात गेला की शेजारचे दोघं त्या जागेकडे झुकतात. हा बघा, हा कसा कलला. ज्या बाजूला दात रेटतो तिथलं हाड विरतं, मागच्या बाजूला नवीन हाड भरतं. खालच्या दाताला वर टेकायला कोणी नसलं की तो वर चढतो. आणि ही हिरडी, दात गेल्यावर हिची उंची उतरली, ती सपाट झाली. म्हणून कवळी बाजूंनी दाटते आणि वरून पोकळ राहते. काकांनी रोज घातली असती, तर शेजाऱ्यांना कळलं असतं की इथे कोणीतरी राहतंय. काका, कुठे ठेवली होती?"

मी तोंड उघडं ठेवूनच "कपाटात" म्हटलं. ते सगळ्यांना समजलं.

म्हणजे सरकवणारा कोणीच नव्हता! ना मंजुषा, ना डॉक्टर. माझेच दात, माझ्याच तोंडात, माझ्या परवानगीशिवाय सरकले होते. मी हे पचवतो न पचवतो तोच गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. मला निरखून पाहत म्हणाला, "मोजणीवाले साहेब ना? माह्या वावराची मोजणी तुमीच केली होती. तवा तं मले म्हणले होते, आपोआप काई सरकत नाई."

मी तोंड आणखी मोठं उघडलं आणि डोळे मिटून घेतले.

नवी कवळी लग्नाआधी होणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी तारा वाकवून, टाळूला आतून भर देऊन जुनीच कशीबशी बसती केली. "फोटोपुरती चालेल," त्या म्हणाल्या. "पण बोलताना जरा त्रास होईल. इतके महिने तुमच्या जिभेने त्या फटीचीच सवय करून घेतलीय. तोंडातलं सगळंच जुळवून घेत असतं, काका."

घरी येऊन मी न्हाणीघराचं दार लावून तालीम सुरू केली.

आली आज घडी, मनास कळली, डोळे तरी कोरडे...

कवळी घालून म्हटलं, तर "घडी"ला थुंकी, "मनास"ला शिट्टी आणि "कोरडे"ला जीभ टाळूवर आपटून मागे फिरायची. कवळी काढून म्हटलं, तर शब्द मोत्यासारखे पडायचे. पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेच. माझ्या जिभेने मला न विचारता बिनदाताचा संसार थाटला होता, आणि आता दात आले तर तिला पाहुणे आल्यासारखी अडचण व्हायची. घालून म्हटलं काय, काढून म्हटलं काय, दुसरी ओळ संपेपर्यंत टाळू दुखून यायची, मी चूळ भरायला नळ सोडायचो आणि तालीम तिथेच थांबायची.

खुशालरावांनी मत दिलं, दात घालून नुसते ओठ हलवा, रेकॉर्डिंग लावू. कुर्बानभाई म्हणाले, त्या गाणाऱ्या बाईलाच बोलवा आणि तुम्ही बाजूला उभे राहा, इज्जत राहते. मंजुषा म्हणाली, "पोरीनं तुमच्या दाताले नाई सांगतलं, तुमाले सांगतलं." मला तिघांचाही राग आला. मंजुषाचा जास्त आला, कारण ती बरोबर बोलत होती.

लग्नाच्या दिवशी अकोल्यात पंगत होती, बुफे होता, बग्गी होती, आणि डीजे तर असा होता की कवळी तोंडातल्या तोंडात ठेका धरत होती. मी कार्यालयाच्या दारात उभा राहून सगळ्यांचं हसून स्वागत केलं. बोललो कोणाशीच नाही. लोकांना वाटलं, मुलीचा बाप आहे, मन भरून आलं असेल. मला मनबिन काही सुचत नव्हतं, माझं सगळं लक्ष टाळूकडे होतं.

मुहूर्त आला. भटजींनी हाक मारली. मी मोठ्या कूलरच्या मागे गेलो, कवळी काढली आणि कुर्त्याच्या खिशात टाकली. वळलो तर समोर किसनराव. त्यांनी माझ्या फटीकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जाऊ द्या, पाहा काय पाहायचं ते. आणि जाऊन माइक धरला.

अंतरपाटाच्या पलीकडे रोहित, अलीकडे हार घेऊन प्रतीक्षा. पहिली दोन मंगलाष्टकं अशी खणखणीत गेली की डीजेवाल्याने उठून पाहिलं. एक अक्षर घसरलं नाही, एक शिट्टी नाही. मनात म्हटलं, गोवर्धन, जिंकलास. मग माझं स्वतःचं सुरू केलं.

"आली आज घडी, मनास कळली, डोळे तरी..."

इथे मी प्रतीक्षाकडे पाहिलं. पाहायला नको होतं. मुंडावळ्यांच्या मधून ती माझ्याकडेच पाहत होती. मला पुढचा शब्द माहीत होता. मीच लिहिला होता. पण तो तोंडातून बाहेर पडेना. मी तोंड उघडं ठेवून उभा, आणि माइक चालू.

"कवळी पडली!" पुढच्या रांगेतून खुशालराव ओरडले. "कोणी हलू नका! पाय खाली टेकवू नका कोणी!"

एकदम वऱ्हाड वाकलं. कुर्बानभाई खुर्च्यांखाली शिरले. कोणी मोबाइलची बॅटरी लावली, कोणी सतरंजी उचलली, कोणी "इकडं काहीतरी पांढरं हाय" म्हणून अक्षताच वेचून दाखवू लागलं. कवळी माझ्या खिशात होती. पण ते सांगायलाही तोंडातून आवाज निघाला पाहिजे ना. मी रडत होतो. शेतकऱ्यांच्या भांडणात ज्याचा आवाज कधी चढला नाही की उतरला नाही, तो मी, व्याह्यांसमोर, माइकवर, हुंदके देऊन रडत होतो.

"...कोरडे."

हा आवाज माझा नव्हता. प्रतीक्षाचा होता. नवरीने स्वतःचं मंगलाष्टक म्हणायची रीत वऱ्हाडात काय, कुठेच नाही, आणि आमची पोरगी तर उभ्या जन्मात सुरात गायलेली नाही. हातात हार, काजळ गालावर आलेलं, आणि ती बेसूर, बारीक आवाजात म्हणत होती,

"जाते लेक जरी, तिलाच घरची दारे सदा मोकळी..."

आणि थांबली. एक म्हातारी म्हणाली, "अवो, नवरीच म्हणून राहिली काय?" प्रतीक्षाने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. माझ्या कुर्त्याची बाही धरून ती हळूच म्हणाली, पण माइक मधे असल्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

"बाबा, याच्या पुढचं मले येत नाई. याच्या पुढं रोज तुमी नळच सोडत होते. आता म्हणा."

मी उरलेल्या दोन ओळी म्हटल्या. नाक ओढत, फाटक्या आवाजात, त्या फटीतून. भटजींनी सावधान म्हटलं आणि खाली वाकलेल्यांनी तिथूनच अक्षता उधळल्या.